साडेआठ हजारांची चड्डी

"म्हणजे एका चड्डीला साडेआठ हजार रुपये, बुवा! हा माज आहे का नाही, एवढंच सांगा."

गुळवणी सरांनी एका दमात विचारलं आणि शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं.

सिद्रामबुवा चुलीपुढं बसून चहा ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"साखर किती घालू?"

"बुवा, मी चड्डीबद्दल विचारतोय."

"ऐकलं की. साखर?"

"...दीड चमचा."

बुवांनी दीड चमचा साखर घातली, पुन्हा ढवळली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

बोरखिंडीतली बुवांची मठी म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी, पाण्याची टाकी आणि कडुलिंबाला बांधलेली कपडे वाळवायची दोरी. मिरजेपासून अडतीस किलोमीटर. त्यातले शेवटचे चार चढाचे. रविवारी सायकली घेऊन येणारी मंडळी इथं चहाला टेकायची, बुवांच्या पाया पडायची आणि उतारावरून वारा खात परत जायची.

बुवा स्वतःही सायकलवालेच. वय चौऱ्याहत्तर. सोमवारी आणि गुरुवारी पिठाची भिक्षा मागायला आठ गावं फिरायचे. हँडलला झोळी, मागं डबा, अंगात भगवी कफनी. फेरी बावन्न किलोमीटरची.

म्हणून तर सरांनी हा प्रश्न त्यांच्यापुढं आणला होता. कफनीतला माणूस कोणत्या बाजूनं बोलणार, याबद्दल सरांच्या मनात तीळभर शंका नव्हती.

"बावीस वर्षं मी सायकल चालवतोय," सर सांगू लागले. "शाळेत घालतो तीच पँट, घोट्याला क्लिप आणि आत साठ रुपयांची सुती चड्डी. कधी काही बिघडलं नाही. आणि आता आमच्या ग्रुपमध्ये बघा. एकेक जण जाहिरातीचा फलक होऊन येतो. अंगाला चिकटलेली चड्डी, पाठीला तीन खिसे. आणि त्या तीन खिशांत मिळून एक केळं! एका केळ्याला तीन खिसे कशाला?"

"आणखी दोन आणता येतात," वृंदाबाई म्हणाल्या.

वृंदाबाई म्हणजे सरांच्या पत्नी. मिरजेत त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. जूनमध्ये मुलगी शिकायला नागपूरला गेली आणि घर एकदम गप्प झालं. एका रविवारी सर सायकल काढत होते, तेव्हा वृंदाबाईंनी मुलीच्या सायकलमध्ये हवा भरली आणि म्हणाल्या, "मीपण येते." त्याला चार महिने झाले होते. तेव्हापासून दर रविवारी दोघं निघत. सरांना ते फार आवडलं होतं. पण ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, वृंदाबाईंना तर नाहीच.

"बसा की ताई," बुवा म्हणाले.

"नको बुवा. उभीच बरी."

"मुद्दा असा आहे," सर पुढं सरसावले. "हिनं कुठंतरी वाचलं की सायकलसाठी वेगळी चड्डी मिळते. आत गादी शिवलेली. साडेआठ हजार! मी म्हटलं, अगं, आपण व्यायाम करतो का थाट करतो? शरीराला थोडा त्रास हवाच. तुम्हीच मागच्या वर्षी प्रवचनात म्हणालात, देहाचे लाड कमी करा."

"म्हणालो होतो."

"बघ!" सर बायकोकडं वळले.

"ऐकलं," वृंदाबाई म्हणाल्या. "बुवा, माझं एवढंच आहे. साडेअकराला इथून द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटचा टेम्पो मिरजेला जातो. माझी सायकल त्यात चढणार आहे. तुमचा निकाल यांच्या बाजूनं लागला, तर ती परत रस्त्यावर यायची नाही. शेजारच्या आराध्यांची मुलगी कधीची मागतेय, तिला देऊन टाकणार. मग यांनी खुशाल एकट्यानं त्रास घ्यावा."

हे सर सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकत होते. तिन्ही वेळा ते एकच वाक्य बोलले होते. तेच आत्ताही बोलले.

"तत्त्व म्हणजे तत्त्व."

बुवांनी चहा गाळला. एक कप सरांना, एक वृंदाबाईंना, एक स्वतःला.

"ताई, बसा."

"उभीच बरी, बुवा."

सरांनी चहाचा घोट घेतला आणि तत्त्वाकडं वळले. आपले वडील धोतरात सायकल कशी चालवायचे ते सांगितलं. बाजार माणसाला कसा फसवतो ते सांगितलं. काळ्या चष्म्यांवर आले, बोटं उघडी राहणाऱ्या हातमोज्यांवर आले. वर्गात फळ्यापुढं उभं राहून शिकवावं तसं ते ओसरीवर मांडी घालून शिकवत होते.

बुवा ऐकत होते. मग म्हणाले, "सर, तुम्हाला येऊन किती वेळ झाला?"

सरांनी घड्याळ पाहिलं. वेळेच्या बाबतीत ते पक्के होते.

"छत्तीस मिनिटं."

"तुम्ही बसून किती वेळ झाला?"

"छत्तीस मिनिटंच की."

"आणि ताईंना?"

सर थांबले. त्यांनी वृंदाबाईंकडं पाहिलं. त्या खांबाला खांदा लावून उभ्या होत्या, कप दोन्ही हातांत धरून. अडतीस किलोमीटर सायकल चालवून आलेलं माणूस.

"अगं... बस ना."

"कशावर बसू?" वृंदाबाई म्हणाल्या. "घासून घासून सोलवटलंय सगळं. दुकानात मशीनवरसुद्धा उशी घेऊन एका अंगाला बसते."

"मला बोलली नाहीस."

"तीनदा बोलले. तुम्ही म्हणालात, सवय झाली की कातडी घट्ट होते."

"होते."

"पायताण शिवता येईल एवढी झालीय आता."

बुवा खुदकन हसले. सर हसले नाहीत.

"आणि मी उपाय सुचवला होता," सर जरा चिडूनच म्हणाले. "स्पंज शिव म्हटलं होतं सलवारीला."

"शिवला की, बुवा. भांडी घासायचा. हेच घेऊन आले दुकानातून, दोन दहा रुपयांना. आठव्या किलोमीटरला तो घाम पिऊन असा फुगला, की मी दोन गाद्यांमध्ये सापडल्यासारखी... आणि चालताना आवाज यायचा हो! पुढं हे, मागं मी पचपचत."

आता मात्र बुवा डोळे पुसेपर्यंत हसले. मग कप खाली ठेवून उठले, सरांसमोर आले, पाठमोरे झाले आणि एका हातानं कफनी वर घेतली. गुडघ्यापर्यंत. मग आणखी वीतभर.

कफनीखाली काळी चकचकीत चड्डी होती. मांडीला घट्ट बसलेली, बुडाला जाड.

सरांनी कप खाली ठेवला आणि पुढं वाकून पाहिलं.

"बुवा... ही... ही तर..."

"तीच." बुवांनी कफनी सोडली आणि परत चुलीपाशी जाऊन बसले. "साडेआठ हजारांची. तीन वर्षं झाली."

"पण तुम्ही विरक्त माणूस!"

"तसं लोक म्हणतात."

"मग?"

"कोल्हापूरचे एक भक्त आहेत. गुळाचे व्यापारी. मागं लागले, बुवा, मठीला मखमलीची गादी देतो, तुम्ही वर बसायचं. मी म्हटलं, गादी द्यायचीच असेल तर मला जिथं लागते तिथं शिवून द्या."

"पण देहाचे लाड..."

"पूर्वी भिक्षेला निघालो, की आठही गावं एकच नामस्मरण चालायचं."

"कोणतं?"

"बुडाचं," बुवा म्हणाले. "आता अधूनमधून देवाचं नाव येतं."

वृंदाबाईंना चहाचा ठसका लागला.

सरांनी मात्र हार मानली नाही. शाळेत तीस वर्षं बीजगणित शिकवलेला माणूस एका उदाहरणानं नियम सोडत नसतो.

"तुमचं वय आहे, बुवा. तुम्हाला चालतं. माझं म्हणाल तर, खरंच सांगतो, मला काही होतच नाही."

"हो का?" वृंदाबाई आढ्याकडं बघत म्हणाल्या. "मग रविवारी दुपारी न्हाणीघरात खोबरेल तेलाची बाटली कोण नेतं?"

"ते... टाचांना."

"टाचा फार वर गेल्यात हल्ली."

बुवा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक पाकीट होतं. न फोडलेलं.

"गुळवाल्यांनी दोन आणल्या होत्या. ही फार मोठी निघाली. भक्त लोक गुरूचं माप नेहमी मोठंच धरतात. तुम्हाला येईल. घाला, म्हसोबाच्या झाडापर्यंत जाऊन या. अडीच किलोमीटर, सपाट रस्ता. मग बोलू."

"मी? ही?"

"तत्त्व तपासायला."

हा शब्द सरांच्या वर्मी लागला. तपासायला ते कधीच नाही म्हणत नसत. पण आधी वृंदाबाईंनी पाकीट हातात घेतलं. चड्डी बाहेर काढली, उलटी केली, उजेडाकडं धरली. शिवणीवरून बोट फिरवत गेल्या, पुढून मागं, मागून पुढं. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"अहो... मधोमध शिवणच नाही."

"म्हणजे?"

"बसायच्या जागी एकही शिवण नाही. सगळ्या बाजूला वळवून नेल्यात. हे असं कापायचं म्हणजे..." त्यांनी कापड ताणून सोडलं. "कापड काही फार मोठं नाही. पैसे त्याचे नाहीत. जी शिवण इथं नाही, तिचे पैसे घेतलेत."

"नसलेल्या शिवणीचे साडेआठ हजार?"

"शिवणकामाच्या तीस वर्षांतली वीस मी ब्लाऊजची काखेतली शिवण टोचू नये म्हणून घालवलीत. मला माहितीय ती न टोचायला काय पडतं." त्यांनी चड्डी सुलटी केली आणि सरांच्या हातात दिली. "मला नाही यायची ही. पुरुषाच्या मापाची आहे, गादीही पुरुषाचीच. बायकांची वेगळी असणार. जा, घालून या."

सर आत गेले. बराच वेळ आतून धडपडीचे आवाज आले. मग दार किलकिलं झालं. शर्ट दोन्ही हातांनी खाली ओढत सर बाहेर आले.

"असंच उद्या शाळेत जा," वृंदाबाई म्हणाल्या.

सर सायकलवर बसले आणि गेले.

सतरा मिनिटांनी परत आले. लांबूनच दिसत होतं, की स्वारी खूश आहे.

"काही फरक नाही!" सायकल टाकीला टेकवत ते ओरडले. "उलट वाईट! जास्त घासलं! म्हसोबापर्यंत दोन गतिरोधक आणि अकरा खड्डे आहेत बुवा, सगळे पाठ झाले मला. साठ रुपयांत जे होतं तेच साडेआठ हजारांत होतं. सिद्ध झालं!"

वृंदाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं, टेम्पो यायचा त्या बाजूला.

सरांनी ते पाहिलं. आणि आपण जिंकलो, याचा आनंद त्यांना अर्धं मिनिटही पुरला नाही.

बुवा त्यांच्याकडं बघत राहिले होते. कमरेपासून खाली, वर, परत खाली.

"सर... आत काय आहे?"

"कशाच्या आत?"

"चड्डीच्या."

"मी."

"आणि तुमच्या आणि चड्डीच्या मध्ये?"

सर गोंधळले. "आपली... नेहमीची. सुती. पट्ट्यापट्ट्यांची."

बुवांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग ते खांबाला धरून हसू लागले. काय झालं ते वृंदाबाईंच्या क्षणभर उशिरा लक्षात आलं, आणि त्या जे हसत सुटल्या ते कप खाली ठेवूनच.

"अहो, नसलेल्या शिवणीचे पैसे दिलेत गुळवाल्यांनी... आणि तुम्ही चार शिवणी घरून घेऊन गेलात!"

"म्हणजे काय?" सर ओरडले. "आत काही घालायचंच नाही?"

"नाही," बुवा म्हणाले.

"एकदम... काहीच नाही?"

"काहीच नाही. ही थेट अंगाला."

"पण बावीस वर्षं..."

"ती काढा."

"बुवा, लोकांना कळलं तर?"

"सर, लोक तुमच्या चड्डीत बघत नाहीत. तुम्हीच सगळ्यांच्या बघत फिरताय."

सरांचा चेहरा लाल झाला होता, कानांपर्यंत. ते आत गेले.

या वेळी धडपड झाली नाही. बाहेर आले तेव्हा सुती चड्डीची गुंडाळी शर्टाच्या खिशात कोंबलेली होती आणि तिचा नाडा बाहेर लोंबत होता. त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते सायकलवर बसले, जरासे हलले, आणखी जरासे हलले. बुवांकडं एकदा पाहिलं आणि निघाले.

पहिला खड्डा आला. सर दात आवळून तयार होते. खड्डा मागं गेला.

दुसरा आला. तोही गेला.

तिसऱ्याची त्यांनी वाट पाहिली. चौथ्याची जराशी पाहिली. पाचवा कधी आला, ते कळलं नाही.

म्हसोबाचं झाड आलं तेव्हा सरांचं लक्ष भलतीकडंच होतं. द्राक्षबागांवर पांढरी जाळी टाकलेली होती आणि वाऱ्यानं ती पाण्यासारखी हलत होती. कुठंतरी वरती एक चंडोल एकसारखा बोलत होता. या रस्त्यानं ते शंभरेक वेळा गेले असतील. इथं चंडोल असतात, हे त्यांना नवीन होतं. झाडाला वळसा घालून परत फिरायचं होतं, ते राहूनच गेलं. पाय चालत राहिले.

पुढं माळावर पवनचक्क्यांची रांग लागली. अकरा-बारा असतील. सगळ्या फिरत होत्या आणि मधली एकच थांबलेली होती, हात पसरून, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखी.

"अगं, ते बघ!" सर म्हणाले. "एकटीच रुसलीय!"

आणि वळून मागं पाहिलं.

मागं रस्ता होता. सरळ, रिकामा, उन्हात पडलेला.

सरांनी पाय थांबवले. सायकल आपोआप थोडी पुढं गेली आणि थांबली. ते एक पाय टेकवून उभे राहिले. चार महिने दर रविवारी मागून काहीतरी बोलणं चाललेलं असायचं. दुकानातल्या बायका, मुलीचा फोन, कुणाच्या बाह्या आखूड झाल्या. आपण "हं, हं" म्हणायचो. काय बोलायची ती? सरांनी आठवून पाहिलं. एकही वाक्य नीट आठवेना. खड्डे मात्र सगळे आठवत होते...

चंडोल बोलतच होता.

सरांनी सायकल वळवली.

ते मठीवर पोहोचले तेव्हा अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. वृंदाबाईंनी सायकल रस्त्याच्या कडेला आणून उभी केली होती. बुवा शेजारी उभे होते.

"म्हसोबा कुठं पळाला होता का?" वृंदाबाईंनी विचारलं. "पाऊण तास झाला."

"पुढं गेलो. माळापर्यंत... का त्याच्याही पुढं. लक्षात नाही."

"तुमच्या लक्षात नाही?"

सरांनी सायकल लावली. बुवांपुढं उभे राहिले.

"कळलं बुवा. महाग कपडे घ्यायलाच हवेत."

"मी असं म्हटलं नाही."

"मग नको घ्यायला?"

"तसंही म्हटलं नाही."

"मग आता हिच्या चड्डीचं काय करायचं? सांगाल ते ऐकतो. मी आजच पैसे..."

"थांबा," वृंदाबाई म्हणाल्या. "तुमचे पैसे कुणी मागितलेत?"

सर त्यांच्याकडं बघत राहिले.

"अहो, दिवाळीत एकशे चाळीस ब्लाऊज शिवलेत मी. एक चड्डी मला जड आहे होय? कधीच मागवली असती."

"मग मागवली का नाहीस?"

"घातली असती आणि तुम्ही नाक मुरडलं असतं. मग दर रविवारी अडतीस किलोमीटर जायचं आणि अडतीस यायचं, ते नाक बघत! त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट?" त्या हसत होत्या, पण मनापासून नाही. "म्हटलं, तुम्ही ज्यांचं ऐकता त्यांच्याकडं चला म्हणताय, तर चला. निदान कुणाचं तरी ऐकाल."

सरांना प्रथमच कळलं, की सकाळपासून ते ज्या पैशांवर वाद घालत होते ते पैसे त्यांचे नव्हतेच.

"मी नाक..." ते म्हणाले आणि थांबले. मग हळूच, "तिकडं पवनचक्क्या आहेत. त्यातली एक रुसलीय. तुला दाखवायला वळलो, तर तू नव्हतीस."

वृंदाबाईंनी सायकलच्या घंटीवरची धूळ ओढणीनं पुसली. मग पुन्हा पुसली, धूळ नसताना.

"घाव भरायला तीन आठवडे लागतील," त्या म्हणाल्या. "तोवर माझी चड्डी येईल. बायकांची. मग दाखवा काय रुसलंय ते. आणि आराध्यांच्या मुलीला म्हणावं, दुसरी सायकल बघ."

चढावर हॉर्न वाजला. क्रेटचा टेम्पो खिंडीत शिरत होता.

सरांनी बायकोची सायकल उचलली आणि टेम्पोच्या हौद्यात चढवली. मग वळले आणि स्वतःचीही उचलली.

"अहो! तुम्ही कशाला? बावीस वर्षांत एकदा तरी गाडीत चढलाय का खिंडीतून?"

"जरा बोलत जाऊ."

"अंगावर ती तुकतुकीत चड्डी आहे तुमच्या. टेम्पोवाला काय म्हणेल?"

"म्हणू दे."

हा शब्द आपल्याच तोंडून आला, याचं सरांना नवल वाटलं. ते लगबगीनं मठीत गेले, शाळेची पँट काखेत मारून परत आले आणि बुवांच्या पाया पडले. उठताना एकदम काहीतरी आठवून त्यांनी अंगातल्या चड्डीकडं पाहिलं.

"बुवा, ही धुवून पुढच्या रविवारी आणून देतो."

"राहू दे. मला मोठी होते."

"छे, छे! एवढी महाग वस्तू मी फुकट कशी नेऊ?"

टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. हौद्यातून वृंदाबाईंनी हाक मारली, "अहो, चला!"

बुवांनी हात पुढं केला आणि सरांच्या शर्टाच्या खिशातून लोंबणारा नाडा दोन बोटांनी उचलून, हलकेच, परत आत सारला.

"महाग ही साठ रुपयांची होती, सर..."